वेर्नासोलच्या वेदीतला दात

वेर्नासोलच्या चर्चच्या वळचणीखाली दगडी तोंडांची रांग आहे. कुणी जीभ काढून दाखवतोय, कुणी पाठीवर दारूचं पिंप घेऊन वाकलाय, एक माकड स्वतःचंच शेपूट चघळतंय. दक्षिणेकडच्या दाराच्या बरोबर वर एक म्हातारी आहे. तिचा एक गाल टम्म फुगलेला, ओठ गच्च मिटलेले, डोळे वटारलेले. शहरातून येणारी शिकलेली माणसं मान वर करून सांगतात की हे खादाडपणाचं पाप आहे. सांगू देत बापडी. गावाला ठाऊक आहे की ती आर्सांद आहे आणि तिच्या गालात घास नाही.

त्या काळी वेर्नासोलला चर्च नव्हतं. गवताने शाकारलेलं एक प्रार्थनेचं छप्पर होतं आणि त्यात पाद्री इतिये नावाचा एक भला, भित्रा माणूस मिस्सा म्हणायचा. बाप्तिस्मा द्यायचा तर मूल घेऊन सोलान नदीपलीकडे मोंब्राकला जायचं आणि मेलेल्याला पुरायचं तरी मोंब्राकलाच, कारण कुंडही त्यांचं आणि दफनभूमीही त्यांचीच. मोंब्राकचे लोक याचा तोरा मिरवत. एका हिवाळ्यात नदीला लोंढा आला आणि पायी ओलांडायच्या उथळ उतारातून नेताना म्हाताऱ्या गुराख्याची तिरडी हातची सुटली. तो वाहत वाहत मोंब्राकच्या घाटाला लागला आणि रडणारी मंडळी मागून धापा टाकत पोचली. तेव्हापासून मोंब्राकवाले म्हणू लागले, "वेर्नासोलची माणसं मेल्यावरच काय ती चपळ होतात."

पण आर्सांदचं दुखणं वेगळं होतं. तिला नदीची भीती नव्हती. तिला भीती होती सासूची.

सासू रेंगार्द मरून कित्येक वर्षं झाली होती, पण तिचा धाक काही मेला नव्हता. हयातभर ती चुलीपाशी बसून लोकर कातायची आणि धागा त्याच एका सुळ्याने तोडायची. तोडून तोडून त्या सुळ्याला खोल खाच पडली होती आणि बोलताना शिवी त्या खाचेतून शिट्टी वाजवत बाहेर यायची. आर्सांद नवी नवरी म्हणून घरात आली त्या दिवशी पहिली शिट्टी वाजली. "हे सूप आहे की पाय धुतलेलं पाणी?" मग ती वाजतच राहिली. त्या घरात सगळ्यांना मिळून एकच बिछाना होता, आणि थंडी सोसत नाही म्हणून रेंगार्द मधोमध झोपायची. एका कडेला तिचा लेक ऑदबेर, दुसऱ्या कडेला सून. मग या दोघांना मुलं झाली कशी, असं गाव विचारायचं. त्याचं उत्तर गवताच्या माळ्याला ठाऊक होतं.

ऑदबेर मोठा गुणी माणूस होता. आईपुढे ब्र काढायचा नाही, पण भाकरीचा खरपूस काठ स्वतः न खाता टेबलाखालून बायकोच्या हातात सरकवायचा. आर्सांदने आयुष्यभर तो काठ खाल्ला आणि त्यावर सासू सोसली. पुढे रेंगार्द गेली, तिला मोंब्राकला पुरलं. मग ऑदबेर गेला, त्याला आईच्या उजव्या हाताला पुरलं. डाव्या हाताची जागा आर्सांदसाठी राखून ठेवलेली होती. म्हणजे तिथेही तोच बिछाना, सासू मधोमध.

"एकदा मेल्यावर काय कळतंय गं?" शेजारणी म्हणायच्या.

"मेल्यावर नाही, उठल्यावर!" आर्सांद उसळायची. "शेवटच्या दिवशी तुतारी वाजली की सगळे थडग्यांतून उठणार, असं पाद्रीबाबाच सांगतात ना? मी डोळे उघडणार आणि पहिलं तोंड दिसणार कुणाचं? ती माझ्याआधीच उठून बसलेली असणार. म्हणणार, 'उठलात का राणीसाहेब? न्यायनिवाडा संपत आला!'"

म्हणून तिने ठरवून टाकलं होतं की वेर्नासोलला स्वतःचं चर्च आणि स्वतःची दफनभूमी होईपर्यंत मरायचं नाही. ती जिद्दीने जगत होती. चर्चसाठी दगड वाहायला गावाला तिनेच उठवलं. कुणी कंटाळा केला की ती त्याच्या दारात जाऊन खोकायची, असा खोकायची की माणसाला वाटावं, म्हातारी इथेच पडली तर हिला नदीपलीकडे आपल्यालाच न्यावं लागेल. भिंती भराभर चढल्या. पाथरवटाने कमानी बसवल्या, छत घातलं. मग बिशपांकडून निरोप आला: पुढच्या वसंतात येऊन चर्च पवित्र करीन, दफनभूमीही आशीर्वादीन. मात्र वेदीत ठेवायला एखाद्या संताचं अस्थिशेष तयार ठेवा. हाड नाही तर वेदी नाही, आणि वेदी नाही तर ते चर्च नव्हे, नुसतं कोठार.

गावाचं तोंड उतरलं. हाड आणायचं कुठून? इतियेने जवळच्या मठात विचारून पाहिलं. तिथले साधू म्हणाले, आमच्याकडे आमच्यापुरतेच संत आहेत.

"मोंब्राकला आहे की," आर्सांद म्हणाली.

मोंब्राकला संत फ्लोरिलचा दात होता. दाढदुखीवर त्याच्यासारखा संत नाही. वेदीवर साखळीने बांधलेली चांदीची डबी, तीत मखमलीवर तो दात. शेजारी एक मातीचं मडकं. ज्याला गुण येई तो आपला उपटलेला दात त्या मडक्यात वाहायचा. मडकं आतापर्यंत दोनदा बदलावं लागलं होतं.

"ते देतील होय?" इतिये म्हणाला.

"मागतंय कोण?"

इतियेने छातीवर क्रूस काढला. "आर्सांदआजी, ही चोरी झाली! आणि तीही संताची!"

"मोंब्राकवाल्यांनी तो आणला कसा पाद्रीबाबा? त्यांच्या आजोबांनी दक्षिणेतल्या मठातून उचलला आणि चेस्टनटच्या टोपलीत लपवून आणला. गाणी म्हणतात त्याची! तेव्हा त्यांचा पाद्री काय म्हणाला होता? संताच्या मनात नसेल तर तो जात्याच्या तळीसारखा जड होतो, खेचराच्या बापाला हलत नाही. हलका झाला, आला, म्हणजे त्यालाच यायचं होतं. मग ही चोरी कशी? आपण त्याला नुसतं विचारणार. नाही म्हणाला तर परत येऊ."

इतियेने खूप विचार केला. या बोलण्यात कुठेतरी खोट आहे असं त्याला वाटत होतं, पण मोठमोठ्या मठांनीही हेच म्हणत संत उचलले होते, आणि त्यांच्यापेक्षा शहाणपणा दाखवणं त्याच्या स्वभावात नव्हतं. तो खेचर धरायला तयार झाला.

संत फ्लोरिलच्या सणाला मोंब्राकच्या चर्चमध्ये गाल बांधलेल्या माणसांची रांग लागते. डबी उघडी असते, एकेकाने पुढे व्हायचं, वाकून दाताला ओठ लावायचे आणि कण्हत बाजूला सरायचं. आर्सांदही डोक्याला फडकं बांधून रांगेत उभी राहिली. डबीपाशी मोंब्राकचा पाद्री गॉसेल्म पहारा देत होता. तो जाडजूड, लबाड आणि वासावरून माणूस ओळखणारा होता.

"तू वेर्नासोलची ना? म्हातारे, तुझ्या तोंडात एकही दात नाही. दुखतंय काय?"

"जे गेले त्यांच्या जागा दुखतात, बाबा. माझ्या वयाला ये, मग कळेल."

मागची रांग कण्हत होती, एकाने ढकललंही. गॉसेल्मने मान हलवली. आर्सांद वाकली, मनातल्या मनात म्हणाली, "फ्लोरिलबाबा, येताय का?" आणि जिभेने दात अलगद उचलून गालात घेतला. दात जड झाला नाही. गॉसेल्मने तिच्या लाळेला किळसून, न बघताच डबीवर रेशमी फडकं टाकलं आणि म्हणाला, "चला, पुढचा." मागच्यांनी मग त्या फडक्यालाच ओठ लावले आणि ते बरेही झाले म्हणतात.

बाहेर इतिये खेचर धरून घामाने निथळत होता. "काय म्हणाले?" त्याने विचारलं. आर्सांदने गालाकडे बोट दाखवलं. तिला बोलता येईना. संत एका बाजूने धारदार होता आणि पावलागणिक गालाला टोचत होता. नदीच्या उतारात खेचर नेहमी अडून बसायचं, त्या दिवशी सुळसुळत पार झालं. पलीकडच्या काठावर गाव जमलं होतं. लोकांनी विचारलं, "झालं का काम? कसं जमलं? कुणी पाहिलं नाही ना?" आर्सांद वटारलेल्या डोळ्यांनी बघत राहिली. चकार शब्द नाही. मोंब्राकपासून वेर्नासोलपर्यंत आर्सांद गप्प होती!

लोक जागच्या जागी गुडघ्यांवर आले. संताने गावाच्या हद्दीत पाऊल टाकण्याआधीच पहिला चमत्कार केला होता. पाथरवटाने ते तोंड डोळ्यांत साठवून घेतलं आणि त्याच आठवड्यात दगड हातात घेतला.

प्रार्थनेच्या छपरात पोचल्यावर इतियेने वेदीचं वस्त्र पसरलं. आपण पाहण्याच्या लायकीचे नाही म्हणून डोळे मिटले, आर्सांदने थुंकलेला संत चाचपडत गुंडाळला आणि गाठ मारून पेटीत ठेवला. आर्सांदनेही तो धड पाहिला नव्हता. ती गाल चोळत म्हणाली, "संत मोठा असेल हो, पण अंगाला फार लागतो."

आता मोंब्राकवाले काठ्या घेऊन येतील म्हणून गाव कुऱ्हाडी परजून बसलं. कुणीच आलं नाही. उलट पुढच्याच रविवारी गॉसेल्मने डबी उघडून लांबून दाखवली, तर तीत दात होता. वेर्नासोल पोट धरधरून हसलं. "मडक्यातला कुणाचा तरी घातला असेल! लाज झाकायला दुसरं काय करणार बिचारा?"

वसंत आला, बिशप आले. सोबत मोंब्राकहून गॉसेल्मही आला होता, कारण जुन्या चर्चचा पाद्री हजर असल्याशिवाय नव्याला वेगळं करता येत नाही. बिशपांनी हातातल्या दंडाने दारावर ठोठावलं, भिंतींवर पवित्र पाणी शिंपडलं, फरशीवर राख पसरून तीत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मुळाक्षरं लिहिली. एवढं सगळं वाकून करावं लागल्याने ते लाल झाले होते आणि त्यांना स्वयंपाकाचा वास येत होता. मग ते वेदीपाशी गेले, गाठ सोडली आणि सगळ्यांना दिसावा म्हणून दात दोन बोटांत धरून खिडकीच्या उजेडात उंच केला.

आर्सांद सगळ्यांत पुढे होती. तिने डोळे बारीक करून पाहिलं. तो लांब, पिवळा सुळा होता, आणि त्याला मधोमध खाच होती. लोकरीचा धागा जेमतेम बसेल अशी.

तिला सगळं एकदम आठवलं. म्हातारपणी तो सुळा ठणकायला लागला, लोहाराने पकडीने उपटला, आणि सासूबाई मोठ्या दिमाखात तो मोंब्राकच्या मडक्यात वाहून आल्या. त्यानंतर त्यांच्या शिव्यांतली शिट्टी गेली होती. तीच शिट्टी आपण गालात घालून नदीपार आणली! आर्सांदने पदराने जीभ पुसली, पुन्हा पुसली.

बिशप म्हणाले, "संत फ्लोरिल आपल्या इच्छेने इथे आले असं गाव म्हणतं. मोंब्राकच्या पाद्र्यांचं काही म्हणणं?"

गॉसेल्म उठला. त्याचं काय झालं होतं ते इथे सांगितलं पाहिजे. वेर्नासोलला हाडाची गरज आहे हे कानावर आल्यापासून त्याने खरा दात स्वतःच्या उशीत शिवून ठेवला होता आणि सणाच्या दिवशी डबीत मडक्यातला हाताला लागेल तो टाकला होता. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे. आता धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. हा दात खोटा म्हणावं, तर संताच्या सणाला त्याने साऱ्या मुलखाला कुणा भलत्याचाच दात चुंबायला लावला हे बिशपांपुढे कबूल करावं लागणार. आणि खरा म्हणावं, तर संत मोंब्राकला कंटाळून निघून गेले!

त्याने वेर्नासोलकडे पाहिलं, बिशपांकडे पाहिलं. "संतांची इच्छा," तो दात खाऊन म्हणाला आणि खाली बसला.

"गावापैकी कुणाला काही सांगायचंय?" बिशपांनी रीत म्हणून विचारलं.

आर्सांदने तोंड उघडलं.

सगळ्यांच्या माना वळल्या. इतिये पांढराफटक पडला. आर्सांदच्या डोळ्यांपुढे दोन जागा होत्या. एक इथली, दक्षिणेच्या भिंतीलगतची, नुकतं गवत उगवलेली. दुसरी मोंब्राकची, सासूबाईंच्या डाव्या हाताची. खरं बोललं तर हे सगळे दगड कोठाराचे दगड होणार, बिशप जेवून परत जाणार आणि आपण नदीपलीकडे. न बोललं तर गावाने जन्मभर गुडघे टेकायचे कुणापुढे? तर तिच्यापुढे.

आर्सांदने तोंड मिटलं. गालाला हात लावून खाली बसली.

"दुसरा चमत्कार!" मागून कुणीतरी पुटपुटलं.

दात वेदीच्या खोबणीत गेला, वर दगड बसला, फटीत चुना भरला. बिशपांनी बाहेर जाऊन दफनभूमीच्या चारी कोपऱ्यांना पवित्र पाणी शिंपडलं आणि मंडळी जेवायला बसली. वेर्नासोल आता स्वतःच्या मातीत मरायला मोकळं झालं. गाव नाचलं. आर्सांदने मात्र सूपही घेतलं नाही.

त्यातून आणखी पंचाईत अशी की वेदीला गुण यायला लागला. दाढा धरून आलेली माणसं हसत जाऊ लागली. पुढे तर एक मोंब्राकवालीही लपतछपत आली आणि बरी होऊन गेली. आर्सांदला ते बघवेना. जिवंतपणी जिने कुणाला सुखाचा घास खाऊ दिला नाही ती आता लोकांच्या दाढा बऱ्या करतेय! आगीतून निघून फुफाट्यात पडावं तसं झालं होतं. सासूच्या शेजारून पळाली ती थेट सासूच्या पायाशी.

शेवटी राहवेना म्हणून ती इतियेच्या परसात गेली. तो वाटाण्याच्या वेलांना काठ्या लावत होता.

"पाद्रीबाबा, कबुली द्यायचीय."

तिथेच पालथ्या टोपलीवर बसून तिने सगळं सांगितलं. इतिये ऐकता ऐकता जमिनीवरच बसला. वेलांच्या आड त्याची स्वयंपाकीण शेंगा तोडत होती, आणि तिच्यामुळेच तर ही गोष्ट आपल्यापर्यंत आली.

"म्हणजे आपल्या वेदीत..." इतिये म्हणाला.

"सासूबाई."

 मग इतिये चाचरत म्हणाला, "पण लोकांना गुण येतोय, आजी. देव कुणाच्या हातून काय करून घेईल हे आपण कोण ठरवणार? मी काही ती वेदी फोडायला सांगणार नाही."

"मीही नाही. मला एकच विचारायचंय. शेवटच्या दिवशी माणसं उठणार ती सबंध उठणार ना? सगळ्या अवयवांनिशी?"

"सगळ्या. केस न केस, दात न दात."

"मग तिचा हा दात इथे आहे."

"आहे खरा."

"म्हणजे तुतारी वाजली की ती मोंब्राकला उठणार, जीभ फिरवणार, सुळा जागेवर नाही हे तिला कळणार. आणि तो शोधत इकडे येणार. इथे! माझ्या उशाशी!" आर्सांदला रडू फुटलं. "एवढे दगड वाहिले बाबा मी. एवढं जगले."

 धीर द्यायचा म्हणून इतिये म्हणाला, "नदी आहे ना मध्ये. म्हातारं माणूस. एकटीला उतार ओलांडायचा म्हणजे..."

आर्सांदने डोळे पुसता पुसता हात थांबवला.

"एकटी कशी येईल?" ती हळूच म्हणाली. "तिने जन्मात कधी एकटीने उतार ओलांडला नाही. पाण्याला भ्यायची. ऑदबेर तिला पाठीवर घेऊन यायचा. शेजारीच आहे तो. ती उठली की आधी त्याला हाक मारणार. 'ऑदबेर, माझा दात!' आणि तो निघणार. तो कधी नाही म्हणाला नाही."

"मग दोघंही येतील," इतिये म्हणाला.

"तिला घेऊन माझ्या दारात येणार तो." आर्सांद गालावर हात ठेवून बसली, अगदी दारावरच्या त्या दगडी म्हातारीसारखी. तिचा चेहरा एकदम तरुण झाल्यासारखा वाटला, असं स्वयंपाकीण पुढे सांगायची. "भिजलेला असेल. त्याला थंडी फार लवकर वाजते."

मग ती उठली, पदर झटकला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "माझी जागा नदीच्या वाटेकडे तोंड करून ठेवा. आणि लगतच्या दोन जागा मोकळ्या ठेवा, त्यात कुणाला घालायचं नाही."

"दोन?"

"येणार म्हटल्यावर तिला उभी ठेवता येईल का? माणुसकी आहे की नाही?" ती फाटकापर्यंत गेली आणि परत वळली. "पण ती त्या कडेला. मध्ये ऑदबेर."